वाचकांचे प्रश्न : ॲक्सेस सोडून सर्व्हर डेटाबेसकडे कधी वळावे?

प्रश्न : आमची खानापूर तालुक्यातील एक लहान पतसंस्था आहे. सभासद, ठेवी, कर्जे आणि पिग्मी यांचा सगळा हिशोब गेली अनेक वर्षे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतो. मुख्य कार्यालयातील सात संगणक एकाच फाइलवर काम करतात आणि शेजारच्या गावातील शाखा ब्रॉडबँडवरून तीच फाइल उघडते. फाइल सध्या सुमारे ७०० एमबी आहे. संध्याकाळी पिग्मी एजंट भरणा घेऊन आले की संगणक अडकतात. गेल्या पावसाळ्यात तर फाइल उघडेना, म्हणून दोनदा ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ (ॲक्सेसमधील फाइल-दुरुस्तीची सोय) करावे लागले. प्रोग्रॅम करून देणारे गृहस्थ सर्व्हर डेटाबेस घ्या म्हणतात. संचालक मंडळाचे म्हणणे असे की, फाइलची मर्यादा २ जीबी असताना आणि ती निम्मीही भरलेली नसताना हा खर्च कशासाठी? — सचिव, खानापूर तालुका

उत्तर : संचालकांचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्यांनी माप चुकीचे धरले आहे. ॲक्सेसच्या एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे हे खरे. तथापि बहुतेक संस्थांना अडचण त्या मर्यादेच्या कितीतरी आधी येते. एकाच वेळी किती जण नोंदी लिहितात आणि फाइल बिघडल्यास किती तासांचे काम पुन्हा करण्याची आपली तयारी आहे, या दोन गोष्टींवर हा निर्णय ठरतो. जिथे लोकांच्या ठेवी आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अजिबात नाही’ असेच असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे नेमके काय घडते ते पाहू. ॲक्सेसची फाइल ज्या संगणकावर ठेवलेली असते तो संगणक केवळ साठवणीचे काम करतो. शोधणे, जुळवणे, बेरीज करणे हे सारे काम प्रत्येक कारकुनाच्या संगणकावर होते. एखाद्या सभासदाचे खाते आडनावावरून शोधले आणि त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, नसेल, तर सभासदांचा संपूर्ण तक्ता नेटवर्कवरून त्या कारकुनाच्या संगणकाकडे ओढला जातो. सर्व्हर डेटाबेसमध्ये प्रश्न सर्व्हरकडे जातो, काम तिथेच होते आणि परत येतात त्या फक्त हव्या असलेल्या ओळी. एकाच फाइलवर कागदोपत्री २५५ जणांना काम करता येते, परंतु सतत नोंदी करणारे आठ-दहा जण झाले की ओढाताण जाणवू लागते. तिन्हीसांजेला एकाच खतावणीवर आठ जणांनी लेखणी टेकवावी, तशी ही स्थिती आहे.

मंदपणापेक्षा फाइल बिघडण्याची बाब मला अधिक गंभीर वाटते. ॲक्सेसमध्ये आठही संगणक थेट फाइलच्या पानांवर लिहीत असतात. त्यांपैकी एकाची वीज गेली, वायर निघाली किंवा वाय-फाय क्षणभर तुटले आणि नेमके त्याच क्षणी पान अर्धे लिहून झालेले असले, तर बिघाड एका नोंदीपुरता न राहता सगळी फाइल धोक्यात येऊ शकते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातील पावसाळ्यात वीज किती वेळा येते-जाते हे आपल्याला सांगायला नको. सर्व्हर डेटाबेस प्रत्येक बदल आधी व्यवहार-नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहून ठेवतो. वीज परत आल्यावर तो ही नोंद वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार कायम करतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. ॲक्सेसकडे अशी व्यवहार-नोंद नाही. म्हणून आपण ज्या दोन वेळा दुरुस्ती केली, त्यानंतर तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) जुळली होती का, हे कृपया आजच तपासावे. दुरुस्तीत काही नोंदी गळू शकतात, आणि फाइल उघडली एवढ्यावरून सगळे सुखरूप आहे असे मानता येत नाही.

शाखेने ब्रॉडबँडवरून फाइल उघडणे मात्र याच आठवड्यात बंद करावे. सर्व्हर येईपर्यंत शाखेतील कर्मचाऱ्याने रिमोट डेस्कटॉपने मुख्य कार्यालयातील एका संगणकावर काम करावे. तसे केले तर वाटेत फक्त पडद्याचे चित्र आणि कळांचे दाब ये-जा करतात, फाइलची पाने नाहीत. तसेच फाइल अखंड असेल, तर ती दोन भागांत विभागून घ्यावी : तक्ते असलेली फाइल सामायिक जागी, आणि फॉर्म व अहवाल असलेल्या फाइलची स्वतंत्र प्रत प्रत्येक संगणकावर. याला पैसा लागत नाही, आणि पुढे सर्व्हरवर जाताना हीच विभागणी उपयोगी पडते, कारण फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवून फक्त तक्ते सर्व्हरवर नेता येतात. कर्मचाऱ्यांना पडदे ओळखीचेच राहतात.

संचालकांसमोर आणखी एक मुद्दा अवश्य मांडावा. ॲक्सेसवर काम करायचे तर प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या फोल्डरमध्ये वाचण्या-लिहिण्याची मुभा द्यावी लागते. म्हणजेच सर्व खातेदारांची माहिती पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे कोणालाही शक्य असते. सर्व्हरवर मूळ फाइल कोणाच्या हाती येत नाही, आणि पिग्मीच्या नोंदी करणाऱ्याला कर्जाचा तक्ता दिसू नये असा बंदोबस्त करता येतो.

खर्चाची भीती बाळगू नये. मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस ही आवृत्ती मोफत आहे; २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, ती २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी झाली आहे. पोस्टग्रेएसक्यूएलही मोफत असून आपल्या कामाला भरपूर पुरेल. परंतु फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवायचे असल्याने आपण एक्सप्रेस निवडावी, असे मी सुचवेन. तक्ते हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे स्थलांतराचे साधनही विनामूल्य मिळते. खरा खर्च होईल तो एक चांगला संगणक, यूपीएस आणि प्रोग्रॅमरचे श्रम यांवर. एक्सप्रेसमध्ये बॅकअपचे वेळापत्रक लावणारी सोय नाही, ती विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून करून घ्यावी. लोक काम करत असतानाही सर्व्हरचा विश्वासार्ह बॅकअप घेता येतो, हा फार मोठा लाभ आहे; उघड्या ॲक्सेस फाइलची प्रत भरवशाची नसते.

स्थलांतरात कुठे अडते, तेही प्रोग्रॅमर गृहस्थांना दाखवावे. ॲक्सेसमध्ये तारखेचे वर्ष इसवी सन १०० पासून चालते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या तारीख-प्रकारात ते १७५३ पासून सुरू होते. घाईत कोणी २०१८ ऐवजी २१८ टाइप केले असेल तर ती नोंद तिथेच अडकते, म्हणून अशा तारखा आधीच शोधून दुरुस्त कराव्यात. ‘होय/नाही’ प्रकारचा रकाना सर्व्हरवर रिकामा राहिला, तर कोणीही हात न लावता ‘दुसऱ्या वापरकर्त्याने ही नोंद बदलली आहे’ असा संदेश येऊ लागतो. त्या रकान्याला आरंभीचे मूल्य द्यावे आणि शक्यतो तक्त्यात रोव्हर्शनचा, म्हणजे नोंद बदलली की आपोआप बदलणारा, रकाना जोडावा. आपल्या भागात नावे मराठीत आणि काही कागद कानडीत असतात, त्यामुळे रकाने युनिकोडच्या (सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षर-संकेताच्या) एनव्हारकॅर या मजकूर-प्रकारचे हवेत, आणि सर्व्हरला पाठवलेल्या आज्ञेत नावाच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर हवे; ते राहिले तर ‘पाटील’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते. जुनी नावे युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली असतील, तर त्यांचे रूपांतर हे स्वतंत्र काम समजून त्याला वेगळा वेळ द्यावा.

सर्व्हर बसवला म्हणजे वेग आपोआप येत नाही, हेही मंडळाला आधीच सांगून ठेवावे. फॉर्म उघडताच सगळा तक्ता मागवण्याची पद्धत तशीच राहिली, तर सर्व्हरही तो सगळा तक्ताच पाठवील. फॉर्म आधी खाते क्रमांक विचारून मग तेवढीच नोंद मागवील असा बदल करावा, आणि मोठे अहवाल सर्व्हरवरच तयार होतील असे पाहावे.

मुहूर्ताबद्दल सांगायचे तर मार्चअखेर पूर्णपणे टाळावी, आणि ऐन पावसाळाही टाळावा. लेखापरीक्षण आटोपल्यावर, दिवाळीनंतरचा काळ मला योग्य वाटतो. प्रथम कोऱ्या सर्व्हरवर जुन्या डेटाची प्रत चढवून काही दिवस दोन्हीकडे नोंदी कराव्यात आणि रोज संध्याकाळी कीर्द व तेरीज पैशापर्यंत जुळवावी. व्याजाच्या रकमा ‘डबल’ प्रकारात, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेल्या असतील तर पैशांचा फरक येथेच उघडकीस येईल. त्या अपूर्णांक नेमके साठवणाऱ्या डेसिमल प्रकारात घ्याव्यात. सलग काही दिवस तेरीज जुळली की जुनी फाइल फक्त वाचनासाठी ठेवावी.

प्रश्न : बेळगाव शहरातील आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची आणि देवघेव ॲक्सेसवर आहे. एकच संगणक आहे आणि ग्रंथपाल एकट्याच नोंदी करतात. आम्हीही सर्व्हरकडे जावे का?

उत्तर : नाही. एक संगणक, एक व्यक्ती आणि मर्यादित नोंदी यांसाठी ॲक्सेस उत्तम आहे, आणि सर्व्हर सांभाळणारे कोणी नसताना तो बसवणे म्हणजे ग्रंथपालबाईंवर नवे ओझे टाकणे होय. संगणकाला यूपीएस जोडावा, रोज काम संपल्यावर फाइल बंद करून तिची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी, आणि अधूनमधून ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दुसरा टेबल आणि दुसरा कर्मचारी आला, किंवा सूची वाचकांना इंटरनेटवरून दाखवायची ठरली, तर तेव्हा हा विषय पुन्हा काढावा.

प्रश्न : निपाणीत माझे खते-बियाण्यांचे दुकान आहे. बिलांची ॲक्सेस फाइल दुकानात आणि घरी अशी दोन्हीकडे वापरता यावी म्हणून ती क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ती सेवा फाइल उघडी असतानाच तिच्या प्रती जुळवू पाहते आणि ॲक्सेसच्या कुलूप-फाइलचा, म्हणजे फाइल कोण वापरत आहे हे नोंदवणाऱ्या छोट्या फाइलचा, अर्थ तिला कळत नाही. दुकानात मुलगा बिल करत असताना आपण घरी फाइल उघडलीत, तर दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतील आणि त्यांपैकी एकीतील बिले हरवतील. घरून फक्त दुकानाच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने जोडावे. त्यासाठी दुकानातील विंडोजची प्रोफेशनल आवृत्ती लागेल, आणि हा मार्ग इंटरनेटवर उघडा न ठेवता व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतूनच, घ्यावा.