चार्ल्स्टनमध्ये मुक्काम असताना बेटे आणि जुने मळे एकेका दिवसात कसे पाहावेत?

साउथ कॅरोलायनातील या शहराभोवती नद्या आणि खाड्या असल्यामुळे ठिकाणांची निवड नदीच्या बाजूनुसार करावी. एका दिवसात दोन टोके गाठण्याच्या नादात अर्धा दिवस पुलांवरच जातो.

अ‍ॅशली नदीकाठच्या रस्त्यावर मॅग्नोलिया आणि मिडलटन प्लेस हे दोन्ही मळे आहेत. वेळ एकापुरताच असेल, तर माझ्या मते मिडलटन निवडावे. 1741 मध्ये आखलेली तेथील बाग पायऱ्यापायऱ्यांनी नदीकडे उतरत जाते आणि तळाशी फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी दिसतात. हा सारा भूभाग गुलामांच्या श्रमांनी घडला आणि मालकांचे वैभव गुलामांनीच पिकवलेल्या भातावर उभे राहिले, म्हणून त्यांच्या जीवनाविषयीची माहितीफेरी चुकवू नये. अझेलिया या फुलझाडाचा बहर साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतो. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जावे, कारण दुपारी उकाडा आणि डास दोन्ही नकोसे होतात.

दुसऱ्या दिवशी कूपर नदीपलीकडील बून हॉलमध्ये 1743 पासूनची ओकची रांग आणि गुलामांची विटांची घरे पाहून दुपारी सलिव्हन्स बेटावर, फोर्ट मोल्ट्री हा जुना किल्ला व समुद्रकिनाऱ्याकडे वळावे. बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट समटर या किल्ल्याला केवळ बोटीनेच जाता येत असल्याने त्याचे तिकीट आधी काढावे. कियावा बेटाचा बराचसा भाग खासगी आहे. बाहेरच्यांनी तेथील बीचवॉकर पार्क हा सार्वजनिक किनारा गाठावा आणि वाटेत जॉन्स बेटावरील एंजल ओक हा जुना विशाल वृक्ष पाहावा.