दोन कार्डांचा फरक

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

पोकेमॉन कार्ड गेमच्या तुझ्या दोन्ही डेकच्या, म्हणजे 60 कार्डांच्या संचांच्या, लिस्ट काल रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. 60 पैकी 58 कार्डं तीच. चारपैकी दोन बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा बेंचवर, म्हणजे मागे राखीव, ठेवलेला पोकेमॉन पुढे ओढणारं कार्ड) काढून तू एक स्विच (आपला पुढचा पोकेमॉन बेंचवरच्याशी बदलणारं) आणि दुसरा सुपर रॉड (डिस्कार्डमधले, म्हणजे बाद झालेले, पोकेमॉन परत डेकमध्ये नेणारं) घातलास, एवढंच. आणि म्हणतोस, नवा डेक जुन्याविरुद्ध 7-3 नं जिंकला, आता हाच मुंबईच्या स्पर्धेला नेणार.

थांब जरा. नाणं दहा वेळा उडवलंस, तर छापा किंवा काटा यांपैकी एक कुठला तरी सात किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता 34 टक्के असते. म्हणजे दोन्ही डेक तंतोतंत सारखे असते तरी असा निकाल दर तीन बैठकींत एकदा लागलाच असता. त्यात नवा डेक तू चालवलास आणि जुना तुझ्या मावसभावानं, जो अजून बेंचवर काय ठेवावं हे विचारून खेळतो. पहिली खेळी कुणाची होती, तेही लिहिलेलं नाहीस. पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही, तेव्हा निदान आलटून पालटून सुरुवात करायचीस. आपल्याकडे मिसळ कुठली भारी यावर तासभर वाद चालतो, पण खाताना भूक किती लागली होती हे कुणी सांगत नाही. तसंच झालं हे.

दुसरा सुपर रॉड हवा का, हा प्रश्न मात्र चांगला आहे. एकच प्रत असेल, तर 60 पैकी सहा प्राइज कार्डांत (सुरुवातीला पालथी बाजूला ठेवायची, समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायची; सगळी उचलली की जिंकलास) ती अडकण्याची शक्यता बरोबर 10 टक्के. दोन असल्या, तर दोन्ही अडकण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. मी एकदा पंचवटी एक्सप्रेसमध्ये, कसारा घाट उतरताना, दुसरा रॉड काढून टाकला होता. का, तर शेजारच्यानं म्हटलं म्हणून! दुसऱ्याच राउंडला एकुलता रॉड प्राइजमध्ये, माझे दोन्ही मुख्य पोकेमॉन डिस्कार्डमध्ये, आणि मी समोरच्याचा चेहरा बघत बसलो.

बॉसेसचं गणित वेगळं आहे. सुरुवातीच्या सात कार्डांत चार प्रतींपैकी एक तरी येण्याची शक्यता साधारण 40 टक्के, दोन प्रतींपैकी 22. आकडा मोठा वाटतो, पण पहिल्या हातात बॉसेस हवंय कुणाला? ते लागतं शेवटची दोन प्राइज उरल्यावर, समोरच्यानं जखमी पोकेमॉन बेंचवर लपवल्यावर. तिथे ते मिळतं का, एवढंच बघ.

ते असं बघ. वादाच्या दोन कार्डांच्या जागी स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात, चिठ्ठ्या घाल. एकीवर ‘बॉसेस किंवा रॉड’, दुसरीवर ‘बॉसेस किंवा स्विच’. (घरीच हं, स्पर्धेत नाही.) चिठ्ठी हातात आली की डाव कुठे चाललाय हे कळायच्या आत वहीत लिही, या क्षणी दोन्हींपैकी काय हवं होतं. मग तेच म्हणून खेळ. चिठ्ठी आलीच नाही, तर त्या डावाचा निकाल या प्रश्नापुरता सोडून दे. आणि समोर तुझाच डेक ठेवू नकोस. मुंबईत जे तीन-चार डेक सगळ्यात जास्त दिसतील असं वाटतं, ते ठेव. जो क्वचितच भेटणार, त्याला 80 टक्के वेळा हरवून काय मिळणार?

घड्याळही लाव. बेस्ट ऑफ थ्रीला, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायच्या सामन्याला, 50 मिनिटं मिळतात. रॉडनं पोकेमॉन पुन्हा पुन्हा आणत बसलास की डाव लांबतो, तिसरा गेम अर्धा राहतो आणि टाय पदरात पडतो.

रविवारी सकाळी माझ्याकडे ये. वही आण, मावसभावालाही आण. तुझा डेक तो चालवेल, समोरचे तू.

तुझा,
दादा