बायबलमध्ये बाईला पुरुषापेक्षा कमी मानलंय का? चर्चमध्ये बायकांनी बोलू नये असं खरंच लिहिलंय का? (ख्रिस्ती घरात लग्न ठरतंय, म्हणून विचारते.)

लिहिलंय. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४, वचन ३४-३५. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर बाईनं शिकवूही नये असं आहे. ज्यांना बाईला गप्प बसवायचं असतं त्यांना बाकीचं बायबल येवो न येवो, ही दोन ठिकाणं तोंडपाठ असतात. आमच्या मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांना, होती.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. बाबा गेले तेव्हा सहा एकर वावर त्यांच्या नावावर होतं. आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. स्मरणाची उपासना झाली, चर्चचे पाळक जेवून गेले आणि भावानं हक्कसोडीचा कागद काढला. टाईप करून तयार. थोरलीनं पेन हातात घेतलंसुद्धा. मी म्हटलं, "मी सही करत नाही. मले माहा हिस्सा पाहिजे." आंगणात एकदम शांतता. मग मोठेबाबा, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या पंच कमिटीत जन्म गेलेला माणूस, खुर्चीवर सरसावून बसले.

"पोरी, शास्त्र काय सांगते? बाईनं चारचौघांत तोंड उघडू नये. पौलानं लिहून ठेवलं हाये."

मी म्हटलं, "मोठेबाबा, गणना सत्तावीस काढा."

गणना हे बायबलातलं एक पुस्तक, त्याचा सत्ताविसावा अध्याय. त्यांना तो माहीत नव्हता. बाबांचं बायबल आणवलं, भाच्याला वाचायला लावलं. सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात मेला, मुलगा नाही, म्हणून जमिनीत त्याचं नाव पुसलं जाणार. या पाच जणी पुढारी मोशे, याजक आणि अख्ख्या मंडळीसमोर देवाच्या निवासमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात, आम्हाला वतन द्या. मोशेला उत्तर सुचत नाही. तो देवाला विचारतो आणि देव सांगतो की मुली बरोबर बोलतात. आणि ते कागदावरच राहत नाही. पुढे यहोशवाच्या पुस्तकात, १७ व्या अध्यायात, त्यांना जमीन मिळते. चारचौघांत तोंड उघडलं म्हणूनच मिळते.

मोठेबाबा काही कच्चे नव्हते. म्हणाले, "त्यायले भाऊ नव्हता. तुले तं धडधाकट भाऊ हाये."

मुद्दा बिनतोड होता. तिथला नियम खरंच तसाच आहे, मुलगा नसेल तरच मुलगी. मी अडले. तेव्हा माय बोलली. माय चौथी शिकलेली, पण बायबल बाई म्हणून गावोगाव फिरून बायकांना वचनं सांगण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. भासऱ्यांशी, म्हणजे मोठेबाबांशी, ती जन्मात थेट बोललेली नव्हती, म्हणून भाच्याकडे बघून म्हणाली, "बाप्पू, ईयोबाचा शेवटला अध्याय वाच बरं." तिथं सगळं गमावलेल्या ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. मुलग्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. मुलींची आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि बापानं त्यांना त्यांच्या भावांच्या बरोबरीनं वतन दिलं, असं स्पष्ट लिहिलंय.

मोठेबाबा म्हणाले, ती गोष्ट झाली, नियमशास्त्र नव्हे. हेही खरंच. म्हणून मग मी सरकारी नियमशास्त्र काढलं.

ख्रिस्ती मुलींना हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क जवळजवळ सगळ्या देशात मिळाला तो २००५ साली. आपल्या कायद्यात मुलगा-मुलगी हा भेद पहिल्यापासून नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश, बाकीचं सगळ्या मुलामुलींत सारखं. आमच्याकडे मायचे दोन एकर आणि चौघांना एकेक. तलाठ्यालाही हे ठाऊक नव्हतं, तो मायचा हिस्सा मुलांइतकाच धरून बसला होता. थोरलीनं भावासाठी हक्क सोडला, तिची मर्जी. माझा एकर माझ्या नावावर आहे आणि भाऊच तो ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या खंडानं, करतो. वर्षाचे पैसे वहिनीच्या हातून येतात, तो बोलत नाही.

तर तुमचा प्रश्न. येशूपुरतं बघाल तर उत्तर सोपं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात त्याच्यासोबत फिरणाऱ्या बायका आहेत, आणि त्या स्वतःच्या पैशानं सगळ्यांचा खर्च चालवतात. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी तो भर दुपारी एकटा बोलतो, शिष्यांना नवल वाटतं, आणि तिच्या सांगण्यावरून गावातले पुष्कळ जण विश्वास ठेवतात. पुनरुत्थानाचा निरोप मग्दालीया मरीयेकडे दिला. बायकांनी तो सांगितला तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, हे लूकनंच लिहून ठेवलंय. मंडळीतले पंच तेव्हाही तसेच.

पौल गुंतागुंतीचा माणूस आहे. ज्या पत्रात तो गप्प राहा म्हणतो, त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात बायका उपासनेत प्रार्थना करतात, संदेश देतात. त्याचं म्हणणं एवढंच की डोक्यावर पदर घ्या. काही जुन्या हस्तलिखितांत ती गप्प राहण्याची वचनं अध्यायाच्या शेवटी सापडतात, त्यामुळे ती मागाहून घुसली असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. रोमकरांस पत्रात तो किंख्रियाच्या फिबीची शिफारस करतो, ती मंडळीची सेविका. प्रिस्काला सहकारी म्हणतो. आणि तीमथ्याचं ते वचन मला पटत नाही, कोणी कितीही समजावलं तरी. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. शिकवू नये म्हणणाऱ्यांनी आधी ते भाषांतर वाचून दाखवावं.

सगळं गोड आहे असं समजू नका. त्याच सलाफहादाच्या मुलींना गणनाच्या ३६ व्या अध्यायात अट घातली जाते की लग्न आपल्याच वंशात करायचं, जमीन बाहेर जाऊ द्यायची नाही. शास्ते हे पुस्तक उघडलंत तर दबोरा न्याय करताना दिसेल आणि थोडं पुढं गेलात की इफ्ताहाची मुलगी बापाच्या नवसापायी जीव गमावताना दिसेल. कायद्यातही भोक आहे. बापानं मृत्युपत्रात सगळं मुलाला लिहून दिलं तर बहुतेक काही करता येत नाही. शिवाय मी वकील नाही.

तरी एक सांगते. तिथले पाळक प्रवचनात काय म्हणतात ते नंतर विचारा, आधी होणाऱ्या सासऱ्यांच्या वावराचा सातबारा ऑनलाईन काढा आणि नवऱ्याच्या आत्यांची नावं त्यावर आहेत का बघा. नसली म्हणून लग्न मोडू नका. माझ्या सासरच्या सातबाऱ्यावरही नणंदांची नावं नाहीत. नवरा म्हणतो, त्या मागतच नाहीत. गेल्या महिन्यात मी दोघींना व्हॉट्सॲपवर गणना सत्तावीस पाठवलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही.