धास्ती की धसका?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: सातवीतल्या मुलाने निबंधात लिहिलं, ‘बोंडअळीचा धसका घेऊन बाबांनी यंदा कपाशी लावलीच नाही.’ अळी तर अजून यायची होती, म्हणून मी ‘धसका’ खोडून ‘धास्ती’ केलं. बरोबर केलं का?

बाई, शब्द दोन्ही चांगले आहेत, पण इथे मला मुलाचाच बरोबर वाटतो.

धास्ती पुढच्या गोष्टीची असते. आपल्यावर आधी काही गुदरलेलं नसलं तरी ती लागते. धसक्याला मात्र मागचं काहीतरी लागतं. कधीतरी काळजात धस्स झालेलं असतं आणि ते तिथेच घर करून राहतं. क्रियापदं बघा. धास्ती वाटते, लागून राहते, धसका बसतो. मार बसतो, चटका बसतो, तसा. ‘घेणे’ मात्र दोघांनाही चालतं, आणि गोंधळ तिथेच होतो.

वैनगंगेकाठच्या गावांचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं की लोकांना पुराची धास्ती असते. पण 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांच्या मनात पुराचा धसका भर मे महिन्यात, नदी कोरडी असतानाही असू शकतो.

आता तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं आणि बोंड बाहेरून हिरवंगार दिसत राहतं. फोडून पाहावं तेव्हा आत सरकी खाल्लेली, कापूस डागाळलेला. ज्याने असं एक शेत पाहिलं, तो पुढच्या प्रत्येक वर्षी फुलोऱ्यात डोमकळी शोधत फिरतो. डोमकळी म्हणजे अळीने पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्यामुळे न उमललेलं फूल. ते दिसायच्या आधी जे मनात असतं ती धास्ती. ते दिसण्याची वाटही न पाहता जो माणूस कपाशीऐवजी सोयाबीन पेरून मोकळा होतो, त्याने धसका घेतलेला असतो. धास्ती माणसाला जागं ठेवते. धसका त्याच्याकडून निर्णय करवून घेतो. हा भेद कोशात शोधायला जाऊ नका, मी तो बोलण्यात ऐकला आहे.

‘धाकधूक’ इथे चालणार नाही. तिच्यात थोडी आशा लागते. कापसाची गाडी मोजायला लावली आणि भाव अजून कळायचा आहे, तेव्हा धाकधूक. धास्तीत मन वाईटाकडे कललेलं असतं.

आणि मुलाने ‘भेव’ लिहिलं असतं तरी मी खोडलं नसतं. ‘मले लय भेव लागते’ हे आमच्या वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतं. मात्र भेव अंधाराचंही असतं, सापाचंही, मास्तरांचंही. धसक्याचं नेमकेपण त्यात नाही.

तेव्हा दुरुस्ती मागे घेण्याआधी मुलाला एवढंच विचारा: तुमच्या शेतात बोंडअळी कधी आली होती का? आली असेल, तर ‘धसका’ परत लिहा. नुसतं शेजारच्यांचं ऐकून बाबांनी कपाशी टाळली असेल, तर तुमची धास्ती राहू द्या.