'कम्फर्ट विमेन', गेइशा आणि बाईच्या हातातली केरसुणी

प्रश्न असा आलाय: "शिमादा योशिको या जपानी चित्रकर्तीवर लेख लिहितेय, त्यात 'कम्फर्ट विमेन' सारखं सारखं येतं. मराठीत 'सुखसेविका' लिहू, की 'गेइशा' चालेल?"

गेइशा अजिबात चालणार नाही. हे ऐकून ऐकून कान किटलेत. गेइ म्हणजे कला, शा म्हणजे व्यक्ती. गाणं, नाच, वादन वर्षानुवर्षं शिकून त्यावर पोट भरणारी बाई ती गेइशा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि खुद्द जपानातूनही फसवून, विकत घेऊन नाहीतर सरळ उचलून नेऊन लैंगिक गुलामगिरीसाठी छावण्यांत डांबलेल्या बायकांना तेच नाव देणं म्हणजे दोघींवरही अन्याय. आणि 'सुखसेविका' तर त्याहून वाईट, त्यात ती बाई आपणहून सेवेला उभी राहिल्यासारखी वाटते!

मुळात 'कम्फर्ट विमेन' हे भाषांतर आहे 'इआन्फु' या जपानी शब्दाचं. इआन म्हणजे दिलासा, विसावा. हा दिलासा कुणाला, तर सैनिकाला. म्हणजे हा शब्द सैन्याच्या सोयीचा, त्या बायकांचा नाही, आणि आपण त्याचं आणखी गोड मराठी करत बसायचं कारण नाही.

पण खरी गंमत शेवटच्या 'फु' मध्ये आहे. हा 'फु' म्हणजे बाई, लग्न झालेली बाई, आणि त्याचं चिनी-जपानी अक्षर दोन तुकड्यांचं आहे: डावीकडे बाई, उजवीकडे केरसुणी. मधल्या 'आन' या अक्षरातसुद्धा छपराखाली बसलेली बाईच आहे. म्हणजे एका शब्दात बाई दोनदा, एकदा घरात आणि एकदा केरसुणीसकट.

आता 'केर काढते ती बाई' हा अर्थ सगळीकडे सांगितला जातो, आणि त्याचं मूळ शु शेन या चिनी कोशकारापाशी जातं. इसवी सन १०० च्या सुमाराच्या त्याच्या 'शुओवेन जिएझी' कोशात तो म्हणतो की फु म्हणजे आज्ञेत राहणारी, केरसुणी घेऊन झाडणारी. हे मला बिलकूल पटत नाही. 'आज्ञेत राहणं' हा अर्थ त्याने फक्त दोन्ही चिनी शब्दांचा उच्चार 'फु' असा सारखा म्हणून चिकटवलाय, आणि बाईचं काम काय हे त्याने आपल्या काळातल्या घरात बघून ठरवलंय. त्याच्या आधी हजारएक वर्षं हाडांवर कोरलेले लेख सापडलेत, ते त्याला माहीतच नव्हते. त्या लेखांत फु हाओ नावाची राणी आहे, चीनच्या प्राचीन शांग घराण्यातल्या राजा वू डिंगची बायको, आणि एका लेखात तिच्या मोहिमेसाठी १३,००० सैन्य उभं केल्याचा उल्लेख आहे! १९७६ मध्ये आन्यांगला तिची न लुटलेली कबर सापडली, त्यात शंभराहून जास्त शस्त्रं होती. या सेनापती बाईच्या नावातला 'फु' कितीदा नुसत्या केरसुणीच्या चित्राने लिहिलेला असतो, बाजूला बाई काढलेलीसुद्धा नसते. आता ही काय अंगण झाडत होती का?

जपानी अक्षरतज्ज्ञ शिराकावा शिझुका यांचं म्हणणं असं की ती केरसुणी पितरांचं देवघर शुद्ध करायची, सुगंधी मद्य शिंपडून वापरायची, आणि ती हातात धरायचा मान जिचा ती फु. त्यांच्या व्युत्पत्त्यांत देवधर्म फार येतो अशी टीका होते, पण इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे, आणि मराठी माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको, लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो ना आपण.

तर माझं मत असं की ही मानाची केरसुणी आधी घरकामाची झाली आणि मग युद्धात सरकारने ती वापरून घेतली. १९३२ मध्ये ओसाकातून सुरू झालेली बायकांची देशसंरक्षण संघटना बघा, कोकुबो फुजिनकाई, त्यातही तोच फु. त्यांचं ब्रीद होतं 'देशसंरक्षण स्वयंपाकघरातून', आणि गणवेश म्हणजे कप्पोगी, किमोनोवर घालायचा लांब बाह्यांचा पांढरा एप्रन. (कप्पो म्हणजे कापणं-शिजवणं, गि म्हणजे अंगात घालायचं.) या बायका स्टेशनांवर, बंदरांवर सैनिकांना चहा देऊन निरोप द्यायच्या, आणि तेच सैनिक पुढे जिथे जायचे तिथे इआन्फु डांबलेल्या. निरोप देणारी पण फु आणि डांबलेली पण फु, एकच अक्षर.

शिमादांचं काम नेमकं इथे आहे, म्हणून एवढं पाल्हाळ. जन्म १९५९ चा, म्हणजे युद्ध त्यांनी पाहिलेलं नाही, जुन्या फोटोंवरून एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) करतात. 'शूटिंग लेसन' (१९९२) मध्ये नेमबाजी शिकणाऱ्या जपानी बायका, 'व्हाइट एप्रन्स' (१९९३) मध्ये त्या एप्रनवाल्या. जपानी बाई फक्त युद्धाची बळी नव्हती, ती साम्राज्यात सामीलही होती, हे त्या स्वतःच्या आजीच्या पिढीबद्दल सांगतात आणि मला त्याचं फार मोल वाटतं. उलट २०१२ मध्ये लंडनच्या जपानी वकिलातीसमोर त्या स्वतः किमोनो घालून, अंगाला कांस्याचा रंग फासून पुतळा होऊन बसल्या. सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर २०११ मध्ये कोरियन इआन्फुंच्या आठवणीसाठी एका मुलीचा पुतळा बसवला, पण जपानी इआन्फुंची आठवण जपानातच कुणी काढत नाही म्हणून.

बाय द वे, नर्सला जपानीत 'कांगोफु' म्हणायचे, २००२ पासून कायद्याने 'कांगोशी' झालं, तिथून हा फु गेला.

तर तुमच्या लेखात पहिल्यांदा 'इआन्फु' अवतरणात लिहा आणि लगेच 'जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रिया' असा खुलासा द्या, पुढे नुसतं 'त्या स्त्रिया' पुरेल. १९९६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातही राधिका कुमारस्वामींनी लष्करी लैंगिक गुलामगिरी असंच म्हटलंय. कोरियात हयात असलेल्यांना 'हलमोनी' म्हणतात, म्हणजे आजी, तो शब्द आला तर तसाच ठेवा. आणि कलाकाराचं आडनाव शिमादा आहे, योशिको नाही, तेव्हा 'योशिको यांनी' असं लिहू नका.