ट्रेलर उंच केला, चौदा दिवस उलटून गेले, आता काय?

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातून एक पत्र आलंय. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थांनी कोल्हापुरातून गाडीमागे जोडायचा, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला कंपनीचा ट्रेलर घेतला. नोंदणी मेव्हण्यांच्या पत्त्यावर, नंबर एमएच-०९. ट्रेलर मात्र पहिल्या दिवसापासून जांबोटी रस्त्याकडच्या त्यांच्या शेतघरापाशी उभा. तिथल्या वाटेत जांभ्या दगडाचे उंचवटे आहेत, त्यांवर घासून सांडपाण्याचा नळ दोनदा तुटला. मग उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये एक्सल पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) वर होता तो खाली घेतला, टायरही मोठे बसवले. ट्रेलर पाचेक इंच उचलला गेला. एका एजंटाने सांगितलं, चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे कोल्हापूरला गेले, तिथे म्हणाले बेळगावला जा. तेवढ्यात पाऊस लागला आणि राहून गेलं. याला सात महिने झाले. आता विचारतात, उशिराचा दंड किती आणि तो भरला की ट्रेलर कायदेशीर होईल का?

हा प्रश्न मला वेगवेगळ्या वेषांत येतो. चिकोडी-अथणीकडून ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीला फळ्या वाढवणारे विचारतात, जीप उंच करणारी पोरं विचारतात. सगळ्यांची समजूत एकच: सरकारात पैसे भरले की बदल पचतो.

तुम्ही ज्या चौदा दिवसांसाठी हळहळताय ते तुमच्या कामाचे नव्हतेच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, पोटकलम ३ मध्ये ते आहेत खरे. बदल केल्यापासून चौदा दिवसांत, मालक जिथे राहतो तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याला आरसीसह (नोंदणी प्रमाणपत्रासह) कळवायचं. म्हणजे कोल्हापूरवाल्यांनी तुम्हाला बरोबर सांगितलं होतं. बेळगावने नोंद केली की मूळ कार्यालयाला कळवायचं काम त्यांचं. पण हे पोटकलम तीन आहे. त्याच्या आधी पोटकलम एक आहे, आणि ते एजंट कधी वाचत नाहीत.

पोटकलम एक सांगतं की आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी (आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र) हेच ठाम सांगितलं. तेव्हा तुम्ही तेराव्या दिवशी बेळगावच्या खिडकीवर उभे राहिला असता, तरी हा ट्रेलर पास झाला असता असं मला वाटत नाही. ट्रेलर हाही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच आहे, त्यामुळे ‘याला इंजिन कुठंय’ हा तुमच्या पत्रातला मुद्दा सोडून द्या.

आता पळवाट. पाठवलेल्या आरसीच्या फोटोत उंचीचा रकाना मला दिसला नाही. जे आरसीत लिहिलेलंच नाही ते बदललं कसं, असा युक्तिवाद होऊ शकतो. वेळ आली तर मीही करीन. पण त्याच्या भरवशावर ट्रेलर रस्त्यावर आणायला मी सांगणार नाही. टायरचा आकार आरसीत असेल तर तिथे तर बोलायलाही जागा उरत नाही.

दंडाचं विचारलंत म्हणून सांगतो. कलम १८२अ, पोटकलम ४: प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक्सल आणि टायर हे दोन बदल धरतात की एक, ते समोरच्या अधिकाऱ्यावर आणि पुढे कोर्टावर. दंड भरला म्हणजे बदलाला मंजुरी मिळाली असं होत नाही. दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटात पुन्हा अडवलं तर पुन्हा तेच.

विम्याचं ठामपणे सांगता येणार नाही, पॉलिसी पाहिल्याशिवाय तर नाहीच. तिऱ्हाइताला इजा झाली तर कंपनीला बहुधा आधी भरपाई द्यावी लागेल, मग ती तुमच्याकडून वसूल करू पाहील. तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र याच बदलावर बोट ठेवून नाकारला जाऊ शकतो. ट्रेलर उंच झाला की वजन वर चढतं, ओढणाऱ्या गाडीचा हुक खालीच राहतो, आणि वळणावर उलटला तर सर्व्हेअरला कारण शोधावं लागत नाही. मग ग्राहक आयोग. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. ते वाचून माझे अशील हसतात.

तुम्ही वर्कशॉपची चिठ्ठीही पाठवलीय. वहीच्या फाडलेल्या पानावर ‘पाटा काम, बोल्ट, वेल्डिंग’, खाली आकडा. तारीख नाही, सही नाही, ट्रेलरचा नंबर नाही. एवढ्या पैशांचं काम करताना पक्कं बिल मागायला काय झालं होतं?

या आठवड्यात एक्सल आणि टायर मूळ जागी आणा. यावेळी चासी नंबर घालून तारखेचं बिल घ्या, फोटो काढा. उंची हवीच असेल तर तुमच्या मॉडेलची उंच, मान्यताप्राप्त आवृत्ती आहे का ते कंपनीला लेखी विचारा, आणि आधी मंजुरी, मग पाना.

खरोखर उलटलेल्या मुदतीचा मुद्दा तुम्ही विचारलाच नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या वाहनाला कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. तुमची दोन वर्षं झाली. कोल्हापूरहून ना हरकत दाखला, मग बेळगावात केए-२२ साठी अर्ज. तिथे तपासणी होईल, म्हणून ट्रेलर आधी खाली उतरवा. क्रम उलटा करू नका.

आणि आजच मेव्हण्यांना फोन करा. आरसी निलंबित करण्याआधीची नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने जाते. तसं काही त्यांच्या टेबलाच्या खणात पडलंय का ते बघायला सांगा.