इंजिन माउंटचा बोल्ट तुटलाय? आधी इंजिनाला आधार दे

अरे, इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या रबरी माउंटचा बोल्ट तुटला म्हणून लगेच पाना हातात घेऊ नकोस. गाडी सपाट फरशीवर लाव, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि जॅकवर जाड लाकडी फळी ठेवून इंजिनाला खालून हलकाच आधार दे. फळी नसेल तर ऑइल चेंबर चेपेल. गाडीखाली शिरायचं असेल तर स्टँड हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

अडकलेल्या तुकड्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू दे. सकाळी तुकड्याच्या अगदी मध्यावर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, खूण ठोक आणि तिथेच ड्रिल लाव. इथे घाई केलीस की ड्रिल घसरतं, मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतं आणि आटे गेलेच म्हणून समज. उलट्या आट्यांचं बिट मिळालं तर ड्रिल उलटं फिरव. भोक पाडता पाडताच तुकडा कधी कधी सुटून येतो. माझा एकदा तसाच आला होता, टोकाला तांबूस गंजाची भुकटी लागलेली. नाही आला तर त्या भोकात एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार, घाल; पण त्यावर जोर करू नकोस. तो आत मोडला तर साध्या बिटने कापला जात नाही.

नवा बोल्ट आणायला इंदूरच्या सियागंज बाजारात जाशील तेव्हा जुन्याचं डोकं सोबत ने. त्यावर मजबुतीचा आकडा 10.9 लिहिला असेल तर कमी ताकदीचा 8.8 घेऊ नकोस, दुकानदार कितीही म्हणू दे. आधी हाताने आत फिरव, मग टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने कसतोयस ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच कस.

आणि माउंटचं रबर नीट बघ. ते फाटलेलं असेल तर इंजिन हलत राहील आणि नवा बोल्टही तसाच तुटेल.